वर्गातल्या एका प्रश्नाने ९७ चे ७१ झाले

पत्राचा सारांश : पत्र लिहिणारी संशोधक पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे आणि त्याच विभागात पदव्युत्तर वर्गाचं मशीन लर्निंगचं प्रॅक्टिकलही घेते. कमरेला लावलेल्या सेन्सरने वृद्धांची चाल मोजायची आणि कुणाला पडण्याचा धोका जास्त आहे हे मॉडेलने ओळखायचं, हा तिचा विषय. एकूण ४२ जण, त्यांतले १७ जास्त धोक्याचे आणि २५ कमी धोक्याचे. प्रत्येकाची सहा मिनिटांची चाल, तिचे दोन-दोन सेकंदांचे आणि अर्धे एकमेकांवर चढलेले तुकडे, म्हणजे सुमारे १५ हजार नमुने. तुकड्यांची ऐंशी-वीस अशी वाटणी, म्हणजे ऐंशी टक्के मॉडेलला शिकवायला (ट्रेनिंग) आणि वीस टक्के त्याची परीक्षा घ्यायला (टेस्ट), करून ९७ टक्के अचूकता मिळाली आणि गेल्या वर्षी पेपर एका जर्नलमध्ये आला. महिन्यापूर्वी तिने हेच काम प्रॅक्टिकलला उदाहरण म्हणून दाखवलं, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं, "मॅडम, एकाच माणसाचे तुकडे ट्रेनिंगमध्येही आहेत आणि टेस्टमध्येही?" तसंच होतं. घरी जाऊन तिने माणसांनुसार वाटणी केली, मॉडेल पुन्हा चालवलं. ४२ पैकी ३० जण बरोबर आले, म्हणजे ७१ टक्के. गाइड म्हणाले, "या क्षेत्रात सगळे असंच करतात. रिव्ह्यूअरनी पास केलंय. आता उकरून काढू नकोस, पुढच्या पेपरमध्ये नीट करू." प्रबंध द्यायला चार महिने उरलेत. दरम्यान दुसऱ्या एका गटाने तिचा कोड मागितला आहे. त्यांना तो वृद्धांच्या निवासात वापरून बघायचा आहे. ती विचारते : गप्प राहू की सगळं मागे घेऊ? आणि टेस्टमधली माहिती अशी ट्रेनिंगमध्ये झिरपते, ही गळती जिला स्वतःच्या कामात दिसली नाही, तिने वर्गात शिकवावं का?

उत्तर :

पत्रात तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही सरळ 'तू'च म्हणते.

तुझ्या पत्रात गाइड आहेत, जर्नल आहे, कोड मागणारा गट आहे, प्रबंध आहे. एक गोष्ट मात्र मी शोधत राहिले आणि ती सापडली नाही. त्या मुलाला तू काय उत्तर दिलंस? महिना होऊन गेला, दर आठवड्याला तो समोर बसत असणार. "बघून सांगते" म्हणाली असशील असा माझा अंदाज आहे, कारण त्या क्षणी मीही तेच म्हटलं असतं. त्याच्याकडे मी परत येईन. आधी आकडा बघू.

९७ हा आकडा खोटा होता, असं तू लिहितेस. मला वाटतं तो खराच आहे, पण तू विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. तू विचारलं होतंस, या माणसाला पडण्याचा धोका आहे का? मॉडेलने उत्तर शोधलं ते, आपण आधी पाहिलेल्यांपैकी हा कोण, या प्रश्नाचं. चाल ही सहीसारखी असते. कुणी पाय घासत चालतं, कुणाचं एक पाऊल किंचित उशिरा पडतं, कुणाचा सेन्सरच पट्ट्यावर थोडा तिरका बसलेला असतो. तुझ्या डेटात एका माणसाचं लेबल, म्हणजे जास्त की कमी धोका ही खूण, सहाही मिनिटं एकच आहे. म्हणजे माणूस ओळखला की लेबल आयतं हाती आलं. धोका चालीत नेमका कुठे दिसतो, हे शिकायची मॉडेलला गरजच पडली नाही.

त्यात तुकडे एकमेकांवर चढलेले. ऐंशी-वीस अशी यादृच्छिक वाटणी केली की टेस्टमधल्या एखाद्या तुकड्याचे दोन्ही शेजारी टेस्टमध्येच पडण्याची शक्यता ०.२ गुणिले ०.२, म्हणजे चार टक्के. उरलेल्या ९६ टक्के तुकड्यांचा निदान एक शेजारी ट्रेनिंगमध्ये गेलेला असतो, आणि त्या शेजाऱ्याशी त्यांची निम्मी रीडिंग जशीच्या तशी जुळतात. परीक्षेतले शंभरातले ९६ प्रश्न निदान अर्धे घरी सोडवून झालेले आहेत, असं समज. अशा परीक्षेत ९७ मिळाले यात मॉडेलची हुशारी किती, ते तूच बघ.

एक चाचणी आजच करून बघ. डेटा तोच, वाटणी तीच, मॉडेल तेच ठेव. फक्त लेबल बदल. जास्त धोका, कमी धोका याच्या जागी माणसाचा क्रमांक दे, १ ते ४२. मॉडेल हे क्रमांक सहज ओळखू लागलं, तर गळती कुठून झाली याचा पुरावा तुझ्याकडे एका तक्त्यात आला. गाइडसमोर जायचं असो, संपादकांना लिहायचं असो की वर्गात उभं राहायचं असो, हा तक्ता सोबत ने. "माझं चुकलं" असं तोंडी सांगणं जड जातं. तक्ता पुढे सरकवणं त्या मानाने सोपं.

आता ७१ कडे ये. तू त्याच्याकडे चुकीनंतर उरलेला चोथा म्हणून बघते आहेस. माझ्या लेखी तुझ्या चार वर्षांतला हा पहिला खरा निकाल आहे, आणि तो तपासून घ्यायला हवा. काही न शिकता प्रत्येकाला 'कमी धोका' म्हणत सुटलेलं मॉडेलही ४२ पैकी २५ जण बरोबर सांगेल, म्हणजे ६० टक्के. तुझे ३० आले. पाच माणसं जास्त. ४२ पैकी ३० या निकालाभोवती ९५ टक्के विश्वासाचा पट्टा, म्हणजे खरी अचूकता ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावी तो टप्पा, काढलास तर तो साधारण ५६ ते ८३ असा येतो, आणि ६० त्याच्या आतच पडतं. म्हणजे मॉडेलने काहीतरी शिकलं असावं असं म्हणता येईल, पण शिकलंच आहे असं अजून म्हणता येणार नाही. तुझ्याकडे १५ हजार नमुने कधीच नव्हते. ४२ होते. प्रबंधात हे वाक्य तुला लिहावं लागेल, आणि मला वाटतं त्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच असेल.

अचूकतेचा एकच आकडा देऊ नकोस, एवढंही सांगते. जास्त धोक्याच्या १७ जणांपैकी मॉडेलने किती पकडले आणि कमी धोक्याच्या २५ पैकी किती जणांना उगाच धोक्यात टाकलं, हे वेगळं लिही. कुणाला विनाकारण काठी दिली गेली, तर त्याला थोडा त्रास होईल. जिच्याबद्दल मॉडेल 'काळजी नको' म्हणालं ती बाई न्हाणीघरात पडली, तर कदाचित पुन्हा पूर्वीसारखी उभी राहणार नाही. दोन्ही चुका एकाच टक्केवारीत मिसळल्या की हा फरक दिसेनासा होतो.

माणसांनुसार वाटणी हाच एकमेव योग्य मार्ग आहे, असं समजू नकोस. यंत्र कुठे वापरायचं आहे त्यावर वाटणी ठरते. एकाच व्यक्तीला यंत्र कायमचं लावून दिलं आणि तिच्या चालीत महिन्यागणिक होणारा बदल टिपायचा असला, तर त्याच व्यक्तीचे आधीचे दिवस ट्रेनिंगला आणि नंतरचे दिवस टेस्टला ठेवणं रास्त ठरेल. यावर अभ्यासकांत गंभीर वाद झालेला आहे आणि दोन्ही बाजूंना तथ्य आहे. पण तुझ्या डेटात माणसाचं लेबल कधी बदलतच नाही, त्यामुळे तो प्रश्न तुला या डेटावर विचारताच येणार नाही. तुझं यंत्र कधी न पाहिलेल्या माणसावर चालायचं आहे, म्हणून परीक्षाही न पाहिलेल्या माणसांवरच घ्यायला हवी.

आता तुझ्या सरांचं म्हणणं. 'सगळे असंच करतात' हे वाक्य ऐकून तुला राग आला, ते पत्रातून कळतंच. पण वस्तुस्थिती म्हणून ते फारसं चूक नाही. फोन आणि अंगावर लावायच्या सेन्सरवरून आजार ओळखणाऱ्या अभ्यासांचा २०१७ साली आढावा घेतला गेला, तेव्हा जवळपास निम्म्या अभ्यासांत वाटणी माणसांनुसार न करता नोंदींनुसार केलेली आढळली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पाहणीत १७ ज्ञानशाखांमधले जवळपास ३०० लेख अशा ना अशा गळतीने बाधित निघाले. तेव्हा तू एकटी वाईट संशोधक आहेस, ही कल्पना मनातून काढून टाक. मात्र 'सगळे' हा शब्द खरा नाही. चालणं, बसणं, जिने चढणं अशा हालचाली कमरेच्या फोनवरून ओळखण्याचा ३० स्वयंसेवकांचा एक डेटासेट २०१२ पासून सगळ्यांना खुला आहे, कित्येक वर्गांत तो शिकवला जातो. त्यातही तुकडे अर्धे एकमेकांवर चढलेले आहेत, पण वाटणी माणसांची केली आहे. ७० टक्के स्वयंसेवक एकीकडे, ३० टक्के दुसरीकडे. योग्य रीत तुझ्याच क्षेत्रात, तुझ्याच प्रकारच्या डेटावर, तू पीएचडी सुरू करण्याच्या कितीतरी आधी उपलब्ध होती.

चूक मान्य केली की करिअर संपतं, या समजुतीबद्दलही थोडं बोलू. २०१७ साली छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारं एक काम खूप गाजलं. त्यात ३०,८०५ रुग्णांचे १,१२,१२० एक्स-रे होते. पहिल्या मसुद्यात एक्स-रे नुसते यादृच्छिक वाटले होते, त्यामुळे एकाच रुग्णाचे एक्स-रे दोन्हीकडे जाऊ शकत होते. वाचणाऱ्यांनी ते दाखवून दिलं, आणि पुढच्या आवृत्तीत रुग्णांनुसार वाटणी करून आकडे नव्याने दिले गेले. ते काम आजही लोक उद्धृत करतात. रसायनशास्त्राचं २०१८ चं नोबेल मिळालेल्या फ्रान्सेस अर्नोल्ड यांनी जानेवारी २०२० मध्ये स्वतःचा आदल्या वर्षीचा पेपर मागे घेतल्याचं स्वतःच जगाला सांगितलं, कारण त्यातले निकाल पुन्हा मिळत नव्हते. अर्थात त्यांच्या पाठीशी नोबेल होतं. तुझ्या पाठीशी अजून पदवीसुद्धा नाही, आणि हा फरक मी विसरलेले नाही. म्हणूनच मी तुला नुसतं 'धीर धर' म्हणणार नाही. क्रम नीट लावायला सांगणार आहे.

सगळ्यात आधी कोड मागणारा गट. गाइडना पटवण्याच्याही आधी, कारण इथे वेळ जाऊ देण्यासारखी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सरांना वाटत असेल, पण ही मूठ उघडायला बाहेरचं कुणीतरी आधीच येऊन थांबलं आहे. त्यांनी कोड वृद्धांच्या निवासात चालवला, तर तिथला प्रत्येक माणूस मॉडेलला नवा असेल, आणि तिथे ९७ चा काहीच उपयोग नाही. त्यांना पानभर खुलासा लिहू नकोस. एवढं पुरे : "आमच्या पेपरमधल्या वाटणीत एकाच व्यक्तीचे तुकडे ट्रेनिंग आणि टेस्ट अशा दोन्हीकडे गेले होते, हे आता लक्षात आलं आहे. व्यक्तींनुसार वाटणी केल्यावर ४२ पैकी ३० जण बरोबर येतात. तपासणी चालू आहे. तोवर हा कोड कुणाच्याही काळजीचा निर्णय घेण्यासाठी वापरू नये." सरांना आधी सांग की मी असं उत्तर देते आहे. परवानगी म्हणून विचारू नकोस, कानावर घालायचं म्हणून सांग. ईमेलची प्रत त्यांनाही पाठव.

मी हे इतक्या आग्रहाने का सांगते आहे, त्याला कारण आहे. खूप वर्षांपूर्वी माझ्या एका कामात मी वाटणी करण्याआधीच सगळ्या डेटावरून चांगले स्तंभ, म्हणजे मॉडेलला द्यायच्या मोजमापांचे रकाने, निवडून ठेवले होते. एका सहकाऱ्याने ते बोलून दाखवलं. मी म्हटलं, बघते, आणि आठ महिने काही केलं नाही. त्या आठ महिन्यांत दुसऱ्या विभागातल्या एका मुलीने माझ्या स्तंभांवर तिचं अख्खं वर्ष घालवलं. माझी दुरुस्ती शेवटी दोन परिच्छेदांत मावली. तिचं वर्ष मात्र मला परत देता आलं नाही. आजही कुणी "बघते" म्हणालं की मला ती आठवते.

मग गाइड. तू त्यांना फसवणारा माणूस ठरवून बसली आहेस, असं मला पत्रावरून वाटलं. तसं ते असतीलही, मला माहीत नाही. पण दुसरीही शक्यता धरून बघ. त्यांनी तुझा कोड कधी ओळ न ओळ वाचलेला नसेल, पेपरवर त्यांचं नाव आहे, विभागात त्यांचे आणखी विद्यार्थी याच डेटावर काम करत असतील, पुढच्या प्रकल्पाच्या अर्जात हेच ९७ लिहिलेलं असेल. तू भरल्या डोळ्यांनी दारात उभी राहिलीस आणि त्यांच्या तोंडून जे पहिलं आलं ते "उकरून काढू नकोस". माणसाचं पहिलं वाक्य हे बरेचदा घाबरलेलं असतं. दुसऱ्यांदा जा, आणि तयारीने जा. हातात एक कागद असू दे. त्यावर जुनी वाटणी आणि तिचा आकडा, नवी वाटणी आणि तिचा पट्ट्यासकट आकडा, आणि मघाशी सांगितलेला माणूस ओळखण्याचा तक्ता. खाली दुरुस्तीच्या निवेदनाचा चार ओळींचा मसुदा, सहलेखकांच्या नावांसकट. "आपण लोकांना फसवलंय" असं म्हणू नकोस. "सर, चूक माझ्या कोडमध्ये होती, मला सापडली आहे, दुरुस्तीही तयार आहे, पाठवायचं कसं ते तुम्ही सांगा," असं म्हण. तुमच्या दोघांचं पुढचं नातं बरंचसं या वाक्यावर ठरेल. चूक बाहेरच्या कुणी दाखवली तर सरांकडे फक्त खुलासा करणं उरेल. ती आपण सांगितली तर निदान ते काम आपल्या हातात राहील, आणि हे त्यांनाही दिसेल.

पेपरचं काय होईल, हे मात्र मी गोड करून सांगणार नाही. छोटी चूक असती तर शुद्धिपत्र छापून भागलं असतं. तुझ्या पेपरचा मुख्य दावाच ९७ आहे. प्रकाशनातल्या सचोटीसाठी काम करणाऱ्या 'कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स' या संस्थेचे निकष असे आहेत की निष्कर्ष विश्वासार्ह राहिले नसतील तर पेपर मागे घेण्याचा विचार व्हावा, मग कारण लबाडी असो की प्रामाणिक चूक. काही जर्नलं जुना पेपर मागे घेऊन दुरुस्त केलेला त्याच्या जागी छापतात. निर्णय संपादकांचा असतो, तुझा नाही. म्हणून 'सगळं मागे घेऊ का' या प्रश्नाचं ओझं तू डोक्यावर घेऊ नकोस. तुझं काम काय घडलं ते पूर्ण आणि स्पष्ट कळवणं एवढंच आहे. निवेदनात चूक लेखकांनी स्वतः शोधून कळवली, असं लिहिलेलं असावं एवढा आग्रह जरूर धर. नंतर वाचणारे ते वाक्य शोधतात.

सर तरीही नाहीच म्हणाले तर? तर प्रबंध तुझा आहे. त्यावर नाव तुझं आहे आणि व्हायवाला उत्तर तुला द्यायचं आहे. त्यात ७१ जाईल, ९७ का टाकून दिले तेही जाईल. एवढ्यापुरतं तुला कुणाच्या होकाराची वाट बघायची नाही. परीक्षकांपैकी एखाद्याने वाटणीबद्दल विचारलं आणि तुझ्याकडे उत्तर नसलं, ही कल्पना करून बघ. मग ते प्रकरण आधीच लिहून ठेवलं आहे, अशी कल्पना कर. तुला दुसरी जास्त सुसह्य वाटेल. पेपरसाठी सहलेखकांशी बोल, मग तुझ्या संशोधन समितीतल्या एखाद्या विश्वासू सदस्याशी. विद्यापीठात संशोधनातल्या सचोटीचं काम बघणारी व्यक्ती किंवा समिती असेल तर तिच्याशी आधी नुसतं विचारायला म्हणून बोल. पहिली लेखिका म्हणून तू संपादकांना थेट लिहू शकतेस, पण ही पायरी शेवटची ठेव. तोवरच्या प्रत्येक भेटीनंतर दोन ओळींचा ईमेल टाकत जा, "आज आपलं असं बोलणं झालं" म्हणून. कुणावर डाव धरायला नाही, कोण काय म्हणालं हे चार महिन्यांनी तुलाच आठवणार नाही म्हणून.

गप्प राहण्याचा पर्याय मी तोललाच नाही, असं तुला वाटेल. मी तो तोलला. 'पुढच्या पेपरमध्ये नीट करू' हा मार्ग अनेकांनी घेतला आहे आणि त्यांचं बाहेरून काही बिघडलेलं दिसत नाही. पण पुढच्या पेपरमध्ये तू ७१ लिहिणार आणि रिव्ह्यूअर विचारणार, तुमच्याच मागच्या पेपरात ९७ होते, मग ही पद्धत कमी प्रतीची कशी? तेव्हा एकतर सगळं सांगावं लागेल, नाहीतर ९७ ला गाठणारी आणखी एखादी गळती नकळत शोधावी लागेल. दुसरं जास्त घडतं. मुद्दाम कुणी करत नाही. आकडा वर गेला की शोध थांबतो आणि खाली आला की चालू राहतो, एवढ्यानेच ते घडतं.

याच प्रकारची आणखी पत्रं माझ्याकडे येतात, म्हणून इतरांसाठीही लिहिते. गळती दरवेळी माणसांतूनच होते असं नाही. सगळ्या डेटाची सरासरी काढून स्केलिंग केलं, म्हणजे आकडे एका मापात बसवले, आणि मग वाटणी केली, तर टेस्टचा वास ट्रेनिंगला लागला. संख्येने कमी असलेल्या गटाचे कृत्रिम नमुने वाटणीआधी तयार केले, तर मूळ नमुना एकीकडे आणि त्याचं भावंड दुसरीकडे गेलं. उद्याची नोंद वापरून कालचा अंदाज बांधला गेला. टेस्ट सेटवर बघत बघत पंचवीस वेळा सेटिंग बदलली आणि सव्विसाव्या वेळेचा आकडा छापला. भाषेच्या मोठ्या मॉडेलांचंही हेच दुखणं आहे. चाचणीतले प्रश्न उत्तरांसकट ट्रेनिंगच्या मजकुरात आधीच आलेले असू शकतात, आणि मग मॉडेलने विचार केला की आठवलं, हे नुसत्या गुणांवरून कळत नाही. निकाल फार चांगला आला की आनंद करायच्या आधी एक संध्याकाळ तो मोडून बघण्यात घालवा. नमुने किती आहेत ते विचारू नका, स्वतंत्र माणसं किती, रुग्णालयं किती, दिवस किती, ते विचारा. आणि वाटणीचा कोड ज्याने लिहिला नाही, त्याला तो वाचायला द्या.

आता तुझा शेवटचा प्रश्न, वर्गाचा. चूक दिसली नाही म्हणून शिकवायचा हक्क गेला, असं तू म्हणतेस. तुझं संशोधन एका खोलीत आणि शिकवणं दुसऱ्या खोलीत, असं तू मनात धरलं आहेस, म्हणून तुला तसं वाटतं. प्रत्यक्षात काय झालं ते बघ. तुझा पेपर गाइडनी पाहिला, सहलेखकांनी पाहिला, रिव्ह्यूअरनी पाहिला. गळती दिसली ती तुझ्या विद्यार्थ्याला, कारण आठवड्या-दोन आठवड्यांपूर्वी तूच त्याला वाटणी म्हणजे काय ते शिकवलं असणार, आणि 'मॅडमना विचारलं तर चालतं' हेही त्याला तुझ्याच वर्गात कळलं असणार. तुझ्या संशोधनाची सगळ्यात कडक तपासणी तुझ्या प्रॅक्टिकलच्या तासाला झाली. ज्यांना पद्धत नुकतीच कळली आहे ते तिच्याकडे सवयीने बघत नाहीत. अशा मुलांचा वर्ग दर आठवड्याला मिळतो हे संशोधकाचं भाग्य आहे, आणि प्रबंधाच्या धावपळीत तो वर्ग सोडून देण्याचा विचार तू करत असशील तर तो करू नकोस.

पुढच्या प्रॅक्टिकलला स्लाइड दाखवू नकोस. मुलांना ५० ओळी आणि ५००० स्तंभ निव्वळ यादृच्छिक आकड्यांनी भरायला सांग. लेबलही नाणं उडवून दिलेलं, छापा किंवा काटा. मग लेबलशी सगळ्यात जास्त जुळणारे १०० स्तंभ निवडायला सांग आणि त्यांवर क्रॉस-व्हॅलिडेशन करायला लाव, म्हणजे ओळींचे भाग पाडून दर फेरीत एक भाग टेस्टला आणि बाकीचे ट्रेनिंगला. चूक तीन टक्क्यांच्या आसपास येईल. नाण्याचा छापा-काटा ९७ टक्के ओळखता आला, असं पडद्यावर दिसेल. वर्ग आधी हसेल, मग गप्प होईल. मग स्तंभांची निवड प्रत्येक फेरीत फक्त ट्रेनिंगच्या भागावर करायला लाव. चूक पन्नास टक्क्यांवर येऊन बसेल, जिथे ती असायला हवी. त्यानंतर तुझा डेटा त्यांना दे. सहभागी वृद्धांची ओळख उघड होत नाही आणि त्यांनी दिलेल्या संमतीत हे बसतं, एवढं आधी तपासून घे. वाटणीचा जुना कोड जसाच्या तसा दे, कुठे बघायचं ते सांगू नकोस, आणि अर्धा तास थांब.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी, तास भरताना, दारातच त्या मुलाला गाठ. "तू विचारलंस ते बरोबर होतं, मी तपासलं, ९७ चे ७१ झाले," एवढं त्याला सगळ्यांच्या आधी सांग. दुरुस्तीच्या निवेदनात आभार मानताना त्याचं नाव घातलं तर चालेल का, हेही त्याला विचार. काही मुलांना ते नको असतं, विशेषतः त्याच विभागात पुढे गाइड शोधायचा असेल तर. तो विचार करून सांगतो म्हणाला, तर त्याला वेळ दे.